अक्कांचा ग्राफ आणि भाचीचा हलका लॅपटॉप

विंडोजसाठी बनवलेलं जेकार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रोमबुकवर चालवण्याचा एक प्रयत्न, सोलापूर

यातल्या माणसांची, कारखान्यांची आणि सॉफ्टवेअरची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ज्यांचं हे काम होतं त्यांनी मजकूर वाचून परवानगी दिली आहे.

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आसपास यंत्रमाग, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक त्याच धंद्यातलं: कारखान्याचे कारकून, सुताचे व्यापारी आणि जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, डिझाइनं काढणारे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. पण चादरीवरचा मोर किंवा वेल मागावर चढण्याआधी कुणीतरी घरात बसून एकेक चौकोन भरून काढलेला असतो, हे शहराबाहेरच्या फार थोड्यांना माहीत आहे.

आमच्या अक्का हेच काम करतात. त्यांचे सासरे पूर्वी ग्राफपेपरवर डिझाइन काढायचे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडली जायची. भोक असेल तिथला हुक वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकार यांनी बसवलेली ही युक्ती आजही तीच आहे, फक्त बऱ्याच कारखान्यांत कार्डांच्या जागी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. सासऱ्यांच्या हातातला ग्राफ सुनेच्या डेस्कटॉपवर आला. डेस्कटॉप विंडोज १० चा. त्यात बऱ्याच वर्षांपूर्वी विकत घेतलेलं जेकार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर, आणि सीपीयूच्या पुढच्या खाचेत त्याचा डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी परवान्याची किल्ली. डोंगल लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अक्कांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. आई अक्कलकोटला एकटी राहते. ऑपरेशन झालं, पण उठवणं, बसवणं, औषधं हे सगळं कुणीतरी करायला हवं होतं. निदान तीन महिने अक्कांना तिथं राहणं भाग होतं. इकडे चार कारखान्यांची डिझाइनं अंगावर. डेस्कटॉप उचलून न्यावा तर आईच्या घरात एक खोली, त्यात पलंग, वॉकर आणि येणारी-जाणारी माणसं. त्यात सोलापुरात कारखान्याला तातडीनं फाइल लागली तर डेस्कटॉप घरीच हवा, असं यजमानांचं म्हणणं.

तेव्हा भाचीनं आपला लॅपटॉप पुढे केला. कॉलेजसाठी घेतलेलं क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणारा लॅपटॉप: वजनाला हलकं, पंखा नाही, इंटेल सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. अक्का तो पिशवीत घालून दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, यात माझं सॉफ्टवेअर टाकून द्या. परवा निघायचंय."

अडचण

विंडोजची .ईएक्सई फाइल क्रोमओएसला उमगत नाही. सॉफ्टवेअर चालताना सतत खालच्या प्रणालीकडे काही ना काही मागत असतं: खिडकी उघड, फाइल वाच, माउस कुठे आहे ते सांग. ही मागणी विंडोजच्या भाषेत असते. क्रोमओएस लिनक्सवर उभं आहे, त्याची भाषा वेगळी. त्यामुळे सेटअपवर कितीही वेळा क्लिक केलं तरी काही होत नाही.

अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "मग याला दुभाषी नाही का?" प्रश्न अगदी नेमका होता, कारण असा दुभाषी आहे. आणि त्याच उत्तराच्या नादात मी पहिली चूक केली.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग वाइनचा. वाइन हा १९९३ साली सुरू झालेला मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प, त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. विंडोज प्रोग्रामच्या मागण्या तो जागच्या जागी लिनक्सच्या भाषेत फिरवतो. आख्खं विंडोज बसवावं लागत नाही, म्हणून कमी रॅमच्या मशिनवर त्याची आशा धरता येते. क्रोमबुकमध्ये लिनक्सची सोय सेटिंग्जमधून चालू करता येते. क्रोमओएसच्या आत डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची बंद खोली तयार होते आणि वाइन त्या खोलीत बसवायचं. एक अट मात्र पक्की: प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा हवा. एआरएम प्रोसेसर असेल तर भाषांतराच्या आधी प्रोसेसरचीही नक्कल करावी लागते आणि स्वस्त मशीन तिथंच दमतं. हा लॅपटॉप इंटेलचा होता.

दुसरा मार्ग व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, खरं विंडोज चालवायचा. हा मी लगेच खोडला. ४ जीबी रॅममध्ये क्रोमओएस, त्यात लिनक्स, त्यात पुन्हा विंडोज, म्हणजे एका रिक्षात तीन कुटुंबं. ६४-बिट विंडोज १० ला किमान २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागा लागते, ती दिली तर बाकी दोघांना काय उरणार?

तिसरा, क्रोमओएस पुसून दुसरी प्रणाली टाकायची. त्यासाठी मशिनच्या फर्मवेअरला हात घालावा लागतो, सगळा डेटा जातो, आणि पुढे आवाज किंवा टचपॅड चालेलच याची खात्री नाही. शिवाय लॅपटॉप भाचीचा. तिनं विश्वासानं दिलेली वस्तू जशीच्या तशी परत जायला हवी. यावर चर्चासुद्धा केली नाही.

चौथा, घरचा डेस्कटॉप चालू ठेवून लॅपटॉपवरून तो दुरून वापरायचा. पाचवा, १५ ते २० हजारांत जुना विंडोज लॅपटॉप घ्यायचा. आईच्या ऑपरेशनमध्ये नुकतेच पैसे गेले होते, त्यामुळे पाचव्याबद्दल मी बोललो तेव्हा अक्का नुसत्या गप्प बसल्या. मी विषय पुढे नेला नाही.

आम्ही वाइनपासून सुरुवात केली.

काय केलं: पहिले चार दिवस

लिनक्सला १५ जीबी जागा दिली. सॉफ्टवेअर जुनं, ३२-बिटचं, म्हणून डेबियनला आधी ३२-बिटचे भाग घ्यायची परवानगी द्यावी लागली. हे राहून गेलं की वाइन बसतं खरं, पण जुना प्रोग्राम उघडत नाही आणि काय चुकलं ते सांगणारा संदेशही धड कळत नाही. त्यानंतर वाइन, आणि मग पेनड्राइव्हवरून सेटअप.

सेटअप सुरळीत झालं. सॉफ्टवेअरचं पहिलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा अक्कांनी टाळी वाजवली, मलाही फार आनंद झाला. दोन सेकंदांनी चौकट आली: लायसन्स की सापडली नाही.

डोंगल सोबत आणला होता. लावला. लिनक्सला हे उपकरण द्यायचं का, असं क्रोमबुकनं विचारलं, हो म्हटलं. लिनक्सच्या यादीत तो दिसायलाही लागला. सॉफ्टवेअर पुन्हा तेच म्हणालं.

कारण असं. वाइन प्रोग्रामच्या मागण्या फिरवून देतं, पण डोंगलचा ड्रायव्हर हा त्या अर्थानं प्रोग्राम नसतो. तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसून काम करतो आणि वाइनमध्ये विंडोजचा गाभा नसतो. दुभाषी चोख आहे, पण ज्याच्याशी बोलायचंय तो माणूसच घरात नाही. काही डोंगलांच्या कंपन्या लिनक्ससाठी वेगळा ड्रायव्हर देतात. याचा नव्हता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण "चालेल का" या प्रश्नानं मी इतका भारलो होतो की "कुलूप कसलं आहे" हे आधी विचारलंच नाही. अक्कांचं निघणं दोन दिवस पुढे गेलं ते यामुळे, आणि ते दोन दिवस आईजवळ शेजारीण बसली होती.

दुसरा निर्णयाचा क्षण: क्रॅक

चौथ्या दिवशी ओळखीतल्या एकानं त्याच सॉफ्टवेअरची डोंगलशिवाय चालणारी प्रत पेनड्राइव्हवर आणून दिली. "बाजारात निम्मे जण हेच वापरतात," म्हणाला. अक्कांकडे विकत घेतलेला परवाना होता, डोंगल हातात होता, मग त्यात कसला गुन्हा, असंही त्याचं म्हणणं.

मी नको म्हटलं. परवान्याचा मुद्दा आहेच. पण त्याहून जवळची भीती वेगळी होती. क्रॅक केलेल्या फाइलमध्ये आणखी काय भरलंय ते सांगता येत नाही, आणि अक्कांकडे असलेली डिझाइनं त्यांची एकट्याची नाहीत. एखाद्या कारखानदाराचा यंदाचा नमुना बाजारात यायच्या आधी दुसऱ्याच्या मागावर दिसला, तर पंचवीस वर्षांचा संबंध तुटतो. अक्कांनी क्षणभर विचार केला आणि पेनड्राइव्ह परत दिला. त्या वेळी आमच्याकडे दुसरा चालता मार्ग नव्हता, तरी दिला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा निर्णय, आणि तो त्यांचा आहे.

कामाचे दोन तुकडे

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, अक्का, सॉफ्टवेअर बाजूला ठेवू. एक डिझाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं करता ते मला दाखवा. त्यांच्या घरी डेस्कटॉपसमोर बसलो. सासरेही खुर्ची ओढून बसले.

चादर ४८० हुकांच्या जेकार्डची. एका इंचात ताण्याचे, म्हणजे उभे, ४८ धागे, म्हणजे नक्षीची एक पुनरावृत्ती १० इंच रुंद. बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे इंचाला ३६, त्यामुळे १० इंच उंचीला ३६० ओळी. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे ताण्याचा एक आणि बाण्याचा एक धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. म्हणजे सगळं डिझाइन ४८० गुणिले ३६० ठिपक्यांचं, जेमतेम पावणेदोन लाख. मोबाइलच्या एका फोटोत याच्या कितीतरी पट ठिपके असतात. इतक्या लहान चित्राला मोठं मशीन लागतच नाही!

अक्का आधी चित्र काढतात: मोराची मान, पिसाऱ्यातले डोळे, काठाची वेल. पाच रंग वापरतात, पण ते चादरीचे रंग नव्हेत. लाल म्हणजे सॅटिन वीण, पिवळा म्हणजे ट्विल, अशा त्या खुणा. याला दहा-बारा तास जातात. मग प्रत्येक खुणेला वीण लावायची, धागा फार लांब मोकळा राहतोय का ते तपासायचं (लांब फ्लोट राहिला की चादर वापरताना तो बांगडीत अडकून ओढला जातो), आणि शेवटी कंट्रोलरला लागणारी फाइल काढायची. याला अर्धा-पाऊण तास.

म्हणजे त्या महागड्या, कुलूपबंद सॉफ्टवेअरची खरी गरज अर्ध्या-पाऊण तासाचीच होती. बाकीचं चित्रकाम कोणत्याही चांगल्या चित्राच्या प्रोग्रामनं होण्यासारखं होतं. चार दिवस मी जे मशिनला विचारत होतो, ते अक्कांना विचारायला हवं होतं.

ठरलं असं: चित्र क्रोमबुकवर गिंप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये काढायचं, तो लिनक्सच्या त्या खोलीत थेट बसतो. वीण, फ्लोटची तपासणी आणि शेवटची फाइल घरच्या डेस्कटॉपवर, दुरून. विंडोज १० च्या होम आवृत्तीला विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपनं दुरून जोडता येत नाही, म्हणून क्रोम रिमोट डेस्कटॉप घेतला. फाइल गूगल ड्राइव्हवरून जाईल.

सगळंच दुरून का नाही? तेही करून पाहिलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर माउस हलवला की रेघ मागाहून येते. मेनू निवडायला ते चालतं. एकेक ठिपका भरायला नाही.

गिंपमध्ये मुक्काम

दोन गोष्टी बसवायला खूप वेळ लागला, पण त्या बसल्या नसत्या तर काम उभंच राहिलं नसतं.

पहिली, ब्रश. ब्रशनं काढलेल्या रेघेच्या कडा गिंप मऊ करतं. डोळ्याला छान दिसतं, पण लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबीच्या दहा छटा तयार होतात, आणि मागाच्या दृष्टीनं प्रत्येक छटा म्हणजे नवी, अर्थ नसलेली वीण. म्हणून चित्र सुरुवातीलाच इंडेक्स्ड प्रकारात घ्यायचं, पाचच रंगांची पट्टी ठरवायची आणि ब्रशऐवजी पेन्सिल वापरायची. मग सहावा रंग आत शिरू शकत नाही.

दुसरी गोष्ट सासऱ्यांनी पकडली. अक्कांनी नमुन्याला एक गोल काढला, पडद्यावर तो नीट गोल होता. सासरे म्हणाले, "हा मागावर उभा अंडं होणार." बरोबर होतं. आडव्या इंचात ४८ ठिपके आणि उभ्यात ३६, म्हणजे ४८ गुणिले ४८ ठिपक्यांचा चौकोन विणल्यावर १ इंच रुंद आणि सव्वा इंचाहून जास्त उंच होतो. डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळायचं, म्हणून आम्हाला आठवलंच नाही. मामा, म्हणजे सासरे, आत गेले आणि कपाटातून जुना ग्राफपेपर घेऊन आले. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. त्याच्या मोठ्या चौकटीत आडव्या आठ घरांना उभी सहा घरं होती, आणि प्रत्येक घर रुंदीपेक्षा किंचित उंच. आठास सहा, म्हणजेच ४८ ला ३६. त्यांच्या काळात हा हिशोब कागदातच छापलेला असायचा.

गिंपमध्ये त्यावर उपाय आहे. चित्राचं रिझोल्यूशन आडवं आणि उभं वेगवेगळं देता येतं, आणि व्ह्यू मेनूतलं डॉट फॉर डॉट बंद केलं की पडदा विणल्यावरचं खरं प्रमाण दाखवतो. मोर पुन्हा मोरासारखा दिसायला लागला.

अक्कलकोटहून काम

दिवसाचा क्रम असा बसला. आई दुपारी झोपली की अक्का चित्र काढायच्या. फाइल पूर्ण झाली की घरी फोन: "मामा, कॉम्प्युटर चालू करा." ७८ वर्षांचे मामा बटण दाबायचे आणि डोंगलचा दिवा लागला का ते पाहून सांगायचे. वीज जाऊन आली की डेस्कटॉप आपोआप सुरू व्हावा अशी सोय मी बायॉसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, करून ठेवली होती, पण मामांना फोन हवा असायचा.

कीबोर्डची अडचण छोटी, पण रोजची. जुनं सॉफ्टवेअर एफ-कींवर चालतं आणि क्रोमबुकवर त्या नसतात. लाँचर की दाबून वरच्या ओळीतली की दाबली की त्या मिळतात, लाँचर आणि बॅकस्पेस मिळून डिलीट. कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं.

एप्रिलच्या शेवटी पारा ४२ च्या वर गेला आणि पंखा नसलेला लॅपटॉप दुपारी मंद व्हायला लागला. बिघाड झालेला नव्हता. तापला की प्रोसेसर स्वतःला आवरतो. अक्कांनी कामाची वेळ पहाटेवर नेली.

एक नमुना वाया गेला. तिसऱ्या आठवड्यात नेट फार संथ होतं, ड्राइव्हवर फाइल चढेना. अक्कांनी डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर यजमानांना चित्र म्हणून पाठवलं, त्यांनी ते डेस्कटॉपवर उतरवलं. व्हॉट्सअ‍ॅपनं त्याची जेपीजी केली, आणि पाच रंगांचे शेकडो झाले. सॉफ्टवेअरनं ते ओढूनताणून पुन्हा पाचात बसवले, तेव्हा मोराच्या मानेभोवती चुकीच्या विणीचे ठिपके विखुरले. अक्कांना ते दिसले नाहीत, कारण दुरून येणारं चित्रही दाबलेलं, धूसर असतं. मागावर सव्वा मीटर विणून झाल्यावर कामगाराच्या हाताला खरखरीत लागलं आणि त्यानं माग थांबवला. कारखानदारानं समजून घेतलं. अक्कांना त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर नियम केला: फाइल फक्त ड्राइव्हवरून, फारच अडलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. आणि पाठवण्याआधी गिंपमध्ये रंग मोजायचे, डेस्कटॉपवर उघडल्यावर पुन्हा मोजायचे. दोन्हीकडे पाच आले तरच पुढे.

परिणाम

अकरा आठवड्यांत अक्कलकोटहून सात डिझाइनं गेली. एकही कारखाना सुटला नाही. आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालते. लॅपटॉप भाचीकडे जसा आला होता तसा परत गेला, लिनक्सची खोली काढून टाकल्यावर तिच्या फाइलींना धक्काही लागलेला नव्हता. अक्कांनी गिंप डेस्कटॉपवरही बसवून घेतलं आहे. चित्रकाम त्यातच करतात, म्हणतात हात आता तिथं बसलाय.

वेगळं काय करता आलं असतं

सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रणालीवर चालवायचं झालं तर मी आता पहिल्यांदा प्रोसेसर पाहत नाही, कुलूप पाहतो. परवाना सिरियल नंबरचा असेल तर वाइन करून पाहण्यासारखं. डोंगल असेल तर सॉफ्टवेअर विकणाऱ्याला फोन, लिनक्सचा ड्रायव्हर आहे का एवढंच विचारायला. तो फोन आम्ही दोन महिन्यांनी केला. तेव्हा कळलं की नव्या आवृत्तीत परवाना डोंगलशिवायही मिळतो, जुना डोंगल जमा करून आणि फरकाची रक्कम भरून. पहिल्या दिवशी कळलं असतं तर वाइनचा तो प्रयत्न कदाचित पुरा झाला असता. नवी आवृत्ती वाइनवर चालतेच का, हे मी अजून तपासलेलं नाही.

पहिलं डिझाइन आम्ही थेट कामाचंच घेतलं, हेही चुकलं. हातभर रुंदीचा एक साधा पट्टा आधी विणून घेतला असता, तर रंगांची गफलत सव्वा मीटरच्या आधी दिसली असती. कारखान्यात त्यासाठी कुणी नाही म्हटलं नसतं, आम्हीच विचारलं नाही.

आणि डेस्कटॉप. विंडोज १० ची मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. असं मशीन दुरून उघडता येईल असं ठेवणं मला पटत नाही. अक्का परतल्या त्याच दिवशी ती दुरून जोडायची सोय मी बंद केली. डोंगल पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला आहे, कारण पुढे तो येता-जाता धक्का लागून दोनदा वाकला होता. फरकाची रक्कम भरायची की नाही, हे दिवाळीनंतर ठरवू असं अक्का म्हणाल्या आहेत.